खुलासा: एग्लिंटनच्या कामावरचे पोलीस कोणाच्या पैशाने उभे होते?

टोरांटोतल्या आपल्या मराठी मंडळींत एक मेसेज फिरतोय: एग्लिंटन क्रॉसटाउन या शहरी रेल्वेमार्गाच्या कामावर वाहतूक सांभाळायला उभे राहणारे पोलीस गस्तीवरून काढून आणलेले होते, म्हणूनच ९११ या आपत्कालीन नंबरला फोन केल्यावर गाडी उशिरा यायची. हे खरं नाही.

ते पोलीस 'पेड ड्युटी'वर होते, म्हणजे स्वतःची नेहमीची पाळी संपवून किंवा सुट्टीच्या दिवशी. गणवेश आणि अधिकार खरेच, पण ताशी मोबदला काम मागवणारा देतो. किमान ३ तासांचे पैसे द्यावेच लागतात, वर पोलीस खात्याचं प्रशासकीय शुल्क वेगळं. ताशी दर पोलिसांची संघटना ठरवते, आणि माझ्या मते खरा आक्षेप इथेच घ्यायला हवा.

'झेंडेवाला मजूर चालला नसता का?' असंही मेसेजमध्ये विचारलंय. साध्या रस्त्यावर चालतो. सिग्नल असलेल्या चौकात मात्र लाल दिवा असताना गाड्या पुढे सोडायच्या, तर त्याला तो अधिकार नसतो. २०११ पासून काम झालेल्या या १९ किलोमीटरच्या मार्गाचा सुमारे १० किलोमीटरचा भाग अशाच गजबजलेल्या चौकांखालून जातो.

'या पोलिसांवर आपल्या कराचा पैसा जातो' हा मेसेजमधला मुद्दा मात्र सरसकट खोडता येणार नाही. बिल पोलिसांच्या बजेटमधून जात नाही, ते प्रकल्पाच्या खर्चात धरलं जातं. आणि हा प्रकल्प मेट्रोलिंक्स या प्रांतिक सरकारी संस्थेचा, म्हणजे शेवटी पैसा जनतेचाच. त्याबद्दल जाब जरूर विचारा, पण तो मेट्रोलिंक्सला आणि आपल्या प्रांतिक आमदाराला. चौकात उन्हातान्हात उभ्या शिपायाला नव्हे.