अस्पार्टोकायनेजच्या प्रती वाढवून लायसिन का वाढत नाही

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम या जिवाणूकडून लायसिन हे अमिनो आम्ल हवं तर त्याच्या वाटेवरच्या पहिल्या एन्झाइमचं, म्हणजे अस्पार्टोकायनेजचं, जनुक दमदार प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) लावून प्लाझमिडवर (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कड्यावर) घालावं, एन्झाइम वाढलं की लायसिन वाढणारच, मग गुणसूत्रातलं एक अक्षर बदलण्याचा खटाटोप कशाला?

अडचण एन्झाइमच्या प्रमाणात नाही, त्याच्या लगामात आहे. लायसिन आणि थ्रिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल दोन्ही साठले की ती मिळून अस्पार्टोकायनेज थांबवतात. मूळ जनुकाच्या वीस प्रती घातल्या तरी वीसही प्रतींतून तयार झालेलं एन्झाइम तसंच थांबतं. एन्झाइमच्या साखळीत 311व्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन आणलं, म्हणजे जनुकात डीएनएचं फक्त एक अक्षर, सी, बदलून टी केलं, की हा लगाम सुटतो. त्यासाठी एक प्रत पुरते.

प्लाझमिडची दुसरी खोट मोठ्या टाकीत दिसते. बियाण्याच्या फ्लास्कपासून टाकीपर्यंत पेशी अनेकदा विभागतात, आणि प्लाझमिड गमावलेल्या पेशींवरचं ओझं कमी झाल्यामुळे त्या पुढे निघून जातात. प्लाझमिड नसलेल्या पेशी मारणारं कॅनामायसिन हे प्रतिजैविक तिथे ओतत राहणं परवडत नाही आणि पशुखाद्यात जाणाऱ्या मालात ते चालतही नाही. शंका असेल तर शेवटचा नमुना साध्या प्लेटवर पसरवा, 100 वसाहती उचलून कॅनामायसिनच्या प्लेटवर टेकवा आणि किती उगवतात ते मोजा.

गुणसूत्रातला बदल वाटतो तितका किचकट नाही. बदलाच्या दोन्ही बाजूंना साधारण 500 बेसजोड्या घेऊन तुकडा सॅक-बी (साखरेवर पेशी मारणारं जनुक) आणि कॅनामायसिन-रोधाचं जनुक असलेल्या, या जिवाणूत स्वतःची प्रत न काढणाऱ्या डीएनए-वाहकात बसवा. तो पेशींत शिरावा म्हणून त्यांना 0.2 सेंमी क्युव्हेटमध्ये (विजेच्या झटक्यासाठीच्या छोट्या भांड्यात) 2.5 किलोव्होल्टचा झटका द्या आणि लगेच 46 अंशांवर 6 मिनिटं ठेवा. ही 6 मिनिटं टाळू नका: उष्णतेने पेशीची बाहेरचा डीएनए कापणारी यंत्रणा तेवढ्यापुरती थंडावते. मग मिलिलिटरला 25 मायक्रोग्रॅम कॅनामायसिनवर निवड, एक रात्र प्रतिजैविकाशिवाय वाढ, आणि 10 टक्के साखरेच्या प्लेटवर दुसरी निवड. साखरेवर जगून कॅनामायसिनवरही उगवणारी वसाहत फेकून द्या; तिच्यात सॅक-बीच बिघडलेला असतो. उरलेल्यांपैकी बऱ्याच मूळ रूपाकडे परतलेल्या असतात, त्यामुळे सिक्वेन्सिंगशिवाय एकही पुढे नेऊ नका.

प्रती वाढवण्याचा तुमचा मुद्दा लायसिनच्या वाटेवरच्या पुढच्या एका जनुकाला, डॅप-एला, मात्र नक्की लागू पडतो. त्याचं एन्झाइम या जिवाणूत लायसिनमुळे थांबत नाही (ई. कोलायमध्ये थांबतं), आणि त्याचा कच्चा माल होमोसेरीनकडे (आणि पुढे थ्रिओनिन, मेथिओनिनकडे) जाणारी वाटही ओढत असते. म्हणून तिथे प्रमाण वाढवलं की ओघ सरळ लायसिनकडे वळतो. फक्त ती जास्तीची प्रतही गुणसूत्रातच घाला. होमोसेरीनची वाट साफ बंद केली तर थ्रिओनिन आणि मेथिओनिन बाहेरून द्यावं लागतं, म्हणून होमोसेरीन बनवणाऱ्या एन्झाइममध्ये 59व्या जागी व्हॅलिनऐवजी अ‍ॅलानिन आणून ती नुसती अरुंद करणं मला जास्त योग्य वाटतं.

एवढं साधल्यावरही आकडा अडला, तर पुढचा संशय एनएडीपीएचवर (अशा जोडणीसाठी इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या पेशीतल्या रेणूवर) घ्या. लायसिनच्या एका रेणूला त्याचे चार लागतात; तेव्हा ते तयार करणाऱ्या पेंटोज फॉस्फेटच्या वाटेने ग्लुकोज किती जातंय ते आधी तपासा.