प्रश्न तिला विचारला होता

डॉक्टरांनी विचारलं, "झोप कशी लागते?" आणि उत्तर दिलं मी. "अहो, दोन-दोन वाजेपर्यंत जागीच असते." मग त्यांनी जेवणाचं विचारलं, तेही मीच सांगितलं. माझी लेक तेव्हा १७ वर्षांची, बारावीला. शेजारच्या खुर्चीत ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. सात-आठ मिनिटांत आम्ही चिठ्ठी घेऊन बाहेर आलो. तेवढ्या वेळात तिनं ब्रही काढला नव्हता आणि मला ते जाणवलंसुद्धा नाही.

हे सगळं मी तिला विचारून लिहितेय. तिनं वाचलंय, दोन वाक्यं काढायला सांगितली, ती काढली.

त्याच दवाखान्यात तिच्याकडून एक फॉर्म भरून घेतला होता. नऊ प्रश्नांचा, नैराश्य म्हणजे डिप्रेशन किती आहे ते बघायचा, पीएचक्यू-९ म्हणतात त्याला. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, त्याला शून्य ते तीन गुण. फॉर्म इंग्रजीत. माझ्यासमोर टेबलावर ठेवून तिनं भरला. मी वाकून वाचत होते, एका प्रश्नाचा अर्थही मीच सांगितला. नववा प्रश्न जगणं नकोसं वाटतं का, स्वतःला इजा करावीशी वाटते का, असा आहे. तिथे तिनं शून्यावर खूण केली आणि माझ्या जिवात जीव आला.

गोळ्या सुरू झाल्या. पंधरा दिवसांनी पाहिलं तर पट्टीत सात गोळ्या तशाच. मी चिडले, ओरडले. ती एवढंच म्हणाली, "सकाळी उठवत नाही गं त्यानं." मला वाटलं, कारणं सांगतेय.

मग एका ओळखीच्या ताईंनी दुसऱ्या ठिकाणी पाठवलं. छोटं क्लिनिक, बाहेर दोन बाकं. काउंटरवरच्या मुलीनं लेकीच्या हातात टॅब दिला. तेच नऊ प्रश्न, पण मराठीत. सवयीनं मी शेजारी सरकले, तर ती मुलगी हळूच म्हणाली, "काकू, तिला एकटीला भरू द्या." मी उठून पाण्याच्या फिल्टरपाशी जाऊन उभी राहिले.

या वेळी नवव्या प्रश्नाला तिनं शून्य दिलं नव्हतं.

प्रश्न तोच, मुलगी तीच. फरक एवढाच की आई वाकून बघत नव्हती आणि भाषा तिची होती. हे मला कळलं तेव्हा पोटात जो गोळा आला, तो अजून पुरता गेलेला नाही.

डॉक्टरांनी आधी तिला एकटीला आत घेतलं. तिथे काय झालं ते तिनंच नंतर सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, "हे आईला सांगावं तर लागेल. पण कसं सांगायचं ते तू ठरव. तू सांगतेस, मी सांगू, की दोघी मिळून सांगू या?" ती म्हणाली, तुम्ही सांगा, मी शेजारी बसते. तसंच झालं. आजारपणात तिनं स्वतः घेतलेला तो पहिला निर्णय.

मग तिनं फोन काढला. नोट्समध्ये रोजची एकेक ओळ होती, तारीख, गोळी घेतली की नाही, झोप किती, सकाळ कशी गेली. आधी तिनं एक ॲप घेऊन बघितलं होतं, हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचं. ते रोज रात्री नऊला विचारायचं, तिला परीक्षेसारखं वाटायला लागलं, म्हणून काढून टाकलं. साधी नोट मात्र टिकली. 'दहापर्यंत डोकं जड. आठचं फिजिक्स लेक्चर गेलं.' अशा ओळी पाठोपाठ होत्या. डॉक्टरांनी त्या वाचल्या आणि गोळी बदलायची की वेळ बदलायची, यावर दोघी बोलल्या. मी ज्याला कारणं म्हणत होते, ती तिची तक्रार होती, तारखेनिशी लिहिलेली.

खाली तिनं तीन प्रश्नही लिहून ठेवले होते. त्यातला एक, 'गोळी आयुष्यभर घ्यावी लागेल का?' एवढे दिवस हा प्रश्न पोटात घेऊन ती फिरत होती. डॉक्टरांनी सांगितलं की गुण यायलाच काही आठवडे लागतात, बरं वाटल्यावरही निदान सहा महिने घ्यायची, आणि बंद करायची ती हळूहळू, मनानं एकदम नाही. टॅबवर चित्र काढून दाखवलं की गोळी, थेरपी आणि दोन्ही, यांत काय मिळतं, वेळ किती जातो, त्रास काय होऊ शकतो. लेकीनं दोन्ही निवडलं. त्यानंतर एकदाही गोळी चुकली नाही.

म्हणून मला मनापासून वाटतं की टॅबवरचा फॉर्म, रोजची नोट, पर्यायांचं चित्र अशी साधनं प्रत्येक दवाखान्यात हवीत, आणि मराठीत हवीत. आपल्याकडे मुलं 'डिप्रेशन आलंय' म्हणत नाहीत. 'जीव घाबरा होतो', 'छातीत कसंतरी होतं', 'कशात मनच लागत नाही' असं म्हणतात. त्यांच्या तोंडचे शब्द स्क्रीनवर दिसले तरच ती खरं उत्तर देतील. गोव्याच्या संगाथ संस्थेनं शाळकरी मुलांसाठी 'पॉड ॲडव्हेंचर्स' नावाचा फोनवरचा खेळ तयार केला तो मुलांना सोबत घेऊनच. मूल स्वतःची अडचण निवडतं, तिच्यावरचे पर्याय मांडतं, एक करून बघतं, आणि मदतीला समुपदेशक असतो. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नवव्या प्रश्नाचं उत्तर कुणी माणूस त्याच दिवशी वाचणार नसेल, तर तो प्रश्न विचारूच नये. नुसता आकडा दाखवून गप्प बसणारी ॲप मला भीतीदायक वाटतात. रात्री दोन वाजता चॅटबॉटला 'गोळी बंद करू का' विचारणारी मुलं आहेत, त्यांचीही काळजी वाटते. त्या वेळी १४४१६ लावा. टेलिमानस नावाची ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. हा नंबर आमच्या फ्रिजवर चिकटवलाय.

आणि पालकांनो, मुलांची ती नोट चोरून वाचू नका. मी एकदा वाचली. तिला कळलं आणि पुढचे नऊ दिवस कोरे गेले. नऊ दिवस डॉक्टरांनाही काही कळलं नाही. कित्येक घरांत फोन एकच असतो, मुलीचा पासवर्ड भावाला ठाऊक असतो. तिथे ॲपपेक्षा क्लिनिकचा टॅब आणि लांबचं बाक जास्त कामाचं. हे साधन बनवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

कायदाही सांगते, कारण मला तो ठाऊक नव्हता. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. आजाराची, उपचारांची, दुष्परिणामांची माहिती समजेल अशा भाषेत मिळणं हा त्यात हक्क आहे. तो इंग्रजी फॉर्म पुढे सरकवणं मला आता नुसतं गैरसोयीचं वाटत नाही. १८ च्या आत कागदावर पालकांची संमती चालते, पण म्हणून मुलाला विचारायचंच नाही असं कुठे लिहिलंय? आणि १८ पूर्ण झाली की पुढे कसे उपचार हवेत, कसे नकोत, हे आधीच लिहून ठेवता येतं. आपल्या वतीनं कुणी बोलावं तेही नेमता येतं, साध्या कागदावर, सही करून.

लेकीला गेल्या महिन्यात १८ पूर्ण झाली. आता ती आधी एकटी आत जाते, मी बाकावर बसते. तिनं तो कागद लिहिलाय. त्यावर नाव माझं नाही, तिच्या मावशीचं आहे. मला लागलं, खोटं कशाला बोलू. दोन दिवसांनी विचारलं, माझं का नाही? म्हणाली, "आई, तू लगेच उत्तर देतेस. मावशी आधी मला विचारते."