सहावा सेकंद

अर्ज पाठवताना मी रीतभात सोडली नव्हती. विषयाच्या ओळीत पदाचं नाव लिहिलं. कॉलेजात असताना काढलेला, ‘रॉकस्टार’ने सुरू होणारा ईमेल पत्ता बाजूला ठेवून स्वतःच्या नावाचा साधा पत्ता काढला. मायन्यावर मात्र गाडी अडली. समोरच्या व्यक्तीच्या नावावरून बाई की बुवा कळेना, आणि ‘महोदय/महोदया’ लिहिलं की अर्जाचं परिपत्रक होतं. शेवटी नुसतं ‘नमस्कार’ लिहून सुटलो.

बायोडाटा दोनदा केला. पहिला देखणा, दोन रकान्यांचा. पण हल्ली बऱ्याच ठिकाणी अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं, आणि त्यातली काही रकाने न ओळखता ओळ सरळ आडवी वाचत सुटतात. मी तसं वाचून पाहिलं: ‘वाणिज्य पदवी, पोहणे. तीन वर्षे लेखापाल, गिर्यारोहण.’ गिर्यारोहक लेखापाल कुणाला हवाय? (हवा असेल तर कळवा.) म्हणून वर्डमध्ये साधा, एकरकानी केला आणि धाकट्या बहिणीला तपासायला दिला. तिथेच घात झाला.

बहीण तपासते म्हणजे समासात कॉमेंट टाकून शेरे मारते. मी ते वाचले, चिडलो, शुद्धलेखन तेवढं सुधारलं आणि फाइल पाठवली. मग आठवलं, पीडीएफ करायची राहिली, शेरे तसेच आहेत! जीमेलवर पाठवलेला मेल मागे घ्यायला आपसूक ५ सेकंद मिळतात. सेटिंगमध्ये जाऊन ते ३० करता येतात, हे मला सहाव्या सेकंदाला कळलं.

तरी मुलाखतीला बोलावलं, व्हिडिओ कॉलवर. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत यावा म्हणून लॅपटॉपखाली दोन जाडजूड शब्दकोश ठेवले आणि दहा मिनिटं आधीच ताटकळत बसलो. बाईंनी (बाईच निघाल्या) स्क्रीन शेअर करून माझा बायोडाटा उघडला. ‘उत्तम नेतृत्वगुण’ या ओळीशेजारी चौकट होती: ‘दादा, कुणाचं नेतृत्व? घरातलं कुत्रंसुद्धा तुझं ऐकत नाही.’

पुढे बराच वेळ शांतता.

“तुमचा आवाज येत नाहीये,” बाई म्हणाल्या. “म्यूटवर आहात का?”

नव्हतो.

संध्याकाळी आभाराचा मेल धाडला. चार ओळींचा, बहिणीला न दाखवता. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: पुढच्या फेरीची तारीख, वेळ, लिंक. आणि अगदी खाली एक ओळ,

‘कुत्र्याचं नाव काय?’