जर्मन सिल्व्हर, चिंच-मीठ आणि ‘लाखांचं’ टोकन

नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज आता न्यू जर्सीच्या चुलतभावानेही पुढे ढकललाय: ‘जुन्या अमेरिकी दुकानदारांचं टोकन जवळ असेल तर लखपती व्हाल. 1837 चा फॉइख्टवांगर सेंट चांदीचा आहे. धातू वेगळा किंवा एक बाजू कोरी, म्हणजे ट्रायल स्ट्राइक. चिंच-मिठाने चकाकवा, फोटो पाठवा, रिझर्व्ह बँकेची नोंदणी फी भरा.’

टोकन म्हणजे दुकानदारांनी सुट्या पैशांऐवजी चालवलेलं खासगी नाणं. चांदीचं आधी उरकू. न्यू यॉर्कचा रसायनतज्ज्ञ ल्युइस फॉइख्टवांगर याचा सेंट जर्मन सिल्व्हरचा आहे: तांबं, निकेल, जस्त. चांदी औषधालाही नाही.

ट्रायल स्ट्राइक म्हणजे डाय (नाण्यावर छाप उठवणारा साचा) कशी उमटते हे पाहायला मारलेला नमुना. कोरी बाजू तेवढ्याने सिद्ध होत नाही. कानशीने घासूनही बाजू कोरी होते. भिंगाखाली समांतर ओरखडे दिसले आणि वजनही कमी भरलं, तर विषय संपला.

वेगळ्या धातूची टोकनं महाग जातात, हे मात्र मान्य. पण अमेरिकी यादवी युद्धाच्या काळातली, 1861 ते 1864 मधली, कित्येक टोकनं त्याच डाय वापरून मुद्दाम संग्राहकांसाठी वेगवेगळ्या धातूंत पाडली गेली. या टोकनांची यादी करणाऱ्या फुल्ड बापलेकांच्या कॅटलॉगमध्ये क्रमांकाच्या शेवटी a म्हणजे तांबं, b पितळ, e व्हाइट मेटल (मुख्यतः कथलाचा मिश्रधातू). ज्या धातूला तुम्ही ‘ट्रायल’ म्हणताय, त्याची बहुधा तिथे आधीच नोंद असते. दुर्मिळतेचा R9 हा दर्जा म्हणजे दोन ते चार नगच माहीत. तरी प्रकार हजारो असल्याने गिऱ्हाईक मिळेलच असं नाही.

धातू ओळखायला 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. टोकन कोरडं तोला, मग दोऱ्याने पाण्यात बुडतं टांगून तोला. 3.60 ग्रॅमचं पाण्यात 3.19 भरलं तर घट 0.41, 3.60 भागिले 0.41, म्हणजे घनता 8.8. तांबं 8.9, कथील 7.3, तेव्हा व्हाइट मेटल लगेच वेगळं पडतं. पितळ साधारण 8.5 असतं आणि एवढ्याशा टोकनात 0.01 ची चूक उत्तर 0.2 ने हलवते, म्हणून तांबं की पितळ याचा निकाल यावरून लावू नका. बुडबुडा चिकटला तर आकडा खाली येतो. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका.

आणि चिंच-मीठ? हा सल्ला देणाऱ्याचे हात बांधून ठेवावेत! आम्लाने तांब्याची जुनी तपकिरी झिलई जाते आणि खालचा कच्चा गुलाबी रंग उघडा पडतो; ती झिलई परत येत नाही. पितळेच्या पृष्ठभागावरचं जस्त निघून जातं आणि b चं टोकन a सारखं दिसू लागतं. नाण्यांची प्रत ठरवणारी ग्रेडिंग कंपनी ‘क्लीन्ड’ (घासून साफ केलेलं) असा शेरा मारते आणि भाव कोसळतो. तेलकट चिकटा असेल तर काचेच्या वाटीत शुद्ध अ‍ॅसिटोन घेऊन बुडवून ठेवा, खिडकी उघडी, जवळपास आच नको. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. चोळू नका, हवेवर वाळू द्या.

राहिली फी. रिझर्व्ह बँकेने 4 ऑगस्ट 2021 लाच सांगितलंय की जुन्या नाण्यांच्या अशा व्यवहारांत ती पडत नाही आणि कसलंही शुल्क मागत नाही.