शिरोळच्या वाचकाला उत्तर: कोल्हापूर कुणाच्या जिवावर वाढलं?

नमस्कार. ‘शहर वाढलं की जिल्हा वाढतो’ असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: ऊस आमचा, दूध आमचं, कामाला येणारी पोरं आमची. कोल्हापूर मोठं झालं ते आमच्या जिवावर, आणि आमच्या वाट्याला आलं पंचगंगेतून येणारं शहराच्या नाल्याचं पाणी. आता शहराची हद्दवाढ करून खेड्यांकडून घरफाळाही (घरपट्टी) घ्यायचाय.

दोन दिवस हे डोक्यातून जात नव्हतं. पाण्याबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. त्यावर मी एक ओळही लिहिली नव्हती, ही माझी चूक. पण शहर नुसतं ओरबाडतं, हे मला पटत नाही.

ऊस तुमचाच. पण गुळाला गिऱ्हाईक लागतं. 1891 मध्ये मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली, 1895 मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली. गुऱ्हाळातले रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, तिथल्या सौद्यात (लिलावात) यायला लागले, पुढे गुजरातपर्यंत जायला लागले. ही पेठ शेतकऱ्याला लुटायला उभी केलेली नव्हती. ज्या राजाने ती वसवली, त्यानेच राधानगरीच्या धरणाचं काम हाती घेतलं.

कोल्हापुरातल्या उद्यमनगराचं, त्या कारखान्यांच्या वस्तीचं, तर मी डोळ्यांनी पाहिलंय. माझे वडील तिथं लेथवर होते. एप्रिल-मेमध्ये पंपाचा शाफ्ट गेला, की शेतकरी तो पोत्यात गुंडाळून एस.टी.ने यायचा. दुकानाबाहेरच्या बाकड्यावर बसून राहायचा, घरून आणलेली भाकरी तिथंच खायचा, पण हलायचा नाही. वडील त्याला कधी ‘उद्या या’ म्हणाले नाहीत. झिजलेल्या जागी वेल्डिंगचा भर टाकायचा, टर्निंग करायचं, बेअरिंग बसतंय का बघायचं, आणि मगच घरी यायचं. उशीर झाला तर आई विचारायची, ‘कुणाचा ऊस वाळत होता आज?’ म्हादबा मेस्त्रींसारख्या इथल्या जुन्या कारागिरांच्या पिढीने ऑइल इंजिनं घडवली ती याच गिऱ्हाइकासाठी. त्या कामावर हात बसलेल्या माणसांमुळे इथं फौंड्र्या उभ्या राहिल्या आणि आज शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतली कास्टिंग पुण्याच्या गाड्यांना लागतात. तुमच्या विहिरींनी उद्यमनगर जगवलं आणि उद्यमनगराने तुमचे पंप चालू ठेवले. यात कोण कुणाच्या जिवावर, हे मला तरी वेगळं काढता येत नाही.

ऑगस्ट 2019 आठवा. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, वाहतूक कित्येक दिवस बंद. दूध संकलन थांबलं. मुंबई-पुण्याला दूध कमी पडलं, आणि इकडे काढलेलं दूध घालायचं कुठं हा प्रश्न. एक रस्ता बुडाला तर दोन्ही टोकं अडचणीत आली.

आता पाणी. मागच्या उन्हाळ्यात तुमच्या शिरोळ तालुक्यातल्या, पंचगंगेवरच्या तेरवाडच्या बंधाऱ्यावर गेलो होतो. अलीकडे जलपर्णीचा हिरवा गालिचा, पलीकडे काळं पाणी, कडेला पोट वर करून पडलेले मासे. वास असा, की गाडीची काच खाली करवत नव्हती. कोल्हापुरातल्या जयंती नाल्यापासूनची सगळ्यांची घाण तिथं येऊन साठते: कोल्हापूरचं सांडपाणी, इचलकरंजीच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेसचं रंगीत पाणी, कारखान्यांचं आणि वाटेतल्या गावांचंही. दूषित पाण्यामुळे 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीने माणसं दगावली. कोल्हापूरने मात्र दूधगंगा नदीवरच्या काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईन आणली, 2023 च्या दिवाळीत ते पाणी शहरात पोहोचलं. पंचगंगेचं पाणी स्वतःला नको झालं म्हणून वरच्या धरणावर जायचं, आणि आपलं सांडपाणी खालच्यांना तसंच सोडायचं, हा अन्याय आहे. त्याच दूधगंगेतून सुळकूड गावाजवळून इचलकरंजीने पाणी मागितलं तेव्हा नदीकाठच्या गावांनी कडाडून विरोध केला. त्या गावांचा राग मला समजतो. शहराला एकदा पाणी दिलं की शेतीच्या उपशावर बंदी येणार, ही भीती त्यांनी हवेतून आणलेली नाही.

हद्दवाढीचंही तसंच. 1972 मध्ये कोल्हापूरची महानगरपालिका झाली, पण पुढे दशकानुदशकं हद्द तीच राहिली. 2017 मध्ये हद्दवाढीऐवजी भोवतीच्या 42 गावांसाठी नागरी विकास प्राधिकरण आलं. माझं मत स्पष्ट सांगतो: शहराला चिकटलेल्या वसाहतींना आज ना उद्या शहरात यावं लागेल, पण आधी ड्रेनेज, पाणी, रस्ता, आणि मग घरफाळा. शिवाय त्या 42 गावांत शिरोळ नाही. नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांना सांडपाण्याच्या हिशोबात बोलायला जागाच नाही. पंचगंगेसाठी कोल्हापूर, इचलकरंजी आणि शिरोळची गावं एकत्र बसवणारी एक समिती हवी, आणि शुद्धीकरण केंद्र किती दिवस बंद होतं हे विचारायचा हक्क तिच्यात तुम्हाला हवा.

असं एकत्र बसणं जमतं. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन 2019 मध्ये महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून मिळालं. सीमेवरून इतकी वर्षं भांडणारी दोन राज्यं एका चपलेसाठी एका अर्जावर आली. इथं तर एकाच जिल्ह्यातले तीन तालुके आहेत.

पाणी काळं पडलं की मोटर बंद ठेवावी लागते, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. यंदा कोणत्या तारखांना बंद ठेवलीत, तेवढ्या कळवा. शेजारच्या शेतकऱ्यांच्याही मिळाल्या तर बघा. पुढचा लेख मी त्या तारखांपासून सुरू करणार आहे.