श्रेय डब्याला देताय, जरा खाली रुळाकडे बघा

१० फेब्रुवारी २०२३ ला मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली, तेव्हापासून आमच्या नातेवाइकांत एकच पालुपद चालू आहे. "काय डबा आहे हो! कपातला चहा हलत नाही." डबा चांगलाच आहे, हवेच्या स्प्रिंगा आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण मोहोळ-पाकणीकडे फाटकाशी उभं राहून मालगाडी जाताना ऐका. तीसुद्धा आता लांबलचक घरघर करत जाते, पूर्वीची ती खडाड-खट नाही. तिला कुठे आल्या हवेच्या स्प्रिंगा?

फरक पडला तो रुळाला रूळ वेल्ड केल्यामुळे. पूर्वी १३ मीटरचा एक रूळ, मग बारीक फट, मग दुसरा रूळ. दोन्ही बाजूंनी फिशप्लेटा, म्हणजे जोडायच्या लोखंडी पट्ट्या, आणि चार बोल्ट. या जोडाला अखंड रुळाची ताकद कधीच येत नाही. चाक फटीशी आलं की रुळाचं टोक दबतं आणि चाक पुढच्या टोकावर आदळतं. शेकडो चाकांनी टोकं चेपली जातात, त्यामुळे पुढचं आदळणं आणखी जोरात. एखाद्या जुन्या सायडिंगला, म्हणजे बाजूच्या फाट्यावर, हे डोळ्यांनी दिसतं: प्रत्येक चाकागणिक सांध्याखालचा स्लीपर (रुळाखालचा आडवा ठोकळा) खाली-वर होतो, त्याच्याभोवतीच्या खडीची पांढरी भुकटी झालेली असते, आणि पावसाळ्यात तिथून चिखलाची पिचकारी उडते. बाकी सगळा रूळ ठणठणीत आणि दर १३ मीटरला एक खड्डा, अशी ती अवस्था.

आमचे वडील याच ठोक्यांवर गाडीचा वेग काढायचे. घड्याळ लावून ४७ सेकंद ठोके मोजायचे, लागोपाठच्या दोन चाकांचा जोडठोका एकच धरायचा. जो आकडा येईल तो ताशी किलोमीटर. १३ मीटरच्या रुळाचं गणित आहे ते, बरोबर जुळतं. (आता मोबाइलवर वेग दिसतो, पण पोरांना ठोके मोजायला लावण्यातली मजा गेली, एवढं मान्य.)

आणखी एक गंमत. आपल्याकडे सरळ मार्गावर दोन्ही रुळांचे सांधे समोरासमोर ठेवायची पद्धत, म्हणून डबा उभा आपटायचा. अमेरिकेत डावा-उजवा सांधा आलटून पालटून ठेवत, त्यामुळे तिथे गाडी डुलायची, आणि तीही कमी वेगात जास्त. सांधा कुठे ठेवला यावर धक्क्याची जात ठरते.

काही मंडळींना त्या खडखडाटाचं संगीत आठवून भरून येतं. येऊ द्या. मला त्यात काही गोड वाटत नाही. चाकांवरच्या सीटवर बसून कुर्डुवाडीपर्यंत गेलेल्या, कंबर धरलेल्या माणसाला विचारा संगीत कसं होतं ते.

पण ही शांतता फुकट मिळालेली नाही, आणि आपल्या सोलापुरात तर अजिबात नाही. ती फट काही हौसेने ठेवली नव्हती. तापमान ४० अंशांनी वाढलं तर १३ मीटरचा रूळ साधारण ६ मिलिमीटर लांबतो. त्याच हिशेबाने सुटा ठेवलेला एक किलोमीटरचा रूळ जवळजवळ ४६ सेंटिमीटर वाढेल. मग वेल्ड केलेल्या रुळाची ही वाढ जाते कुठे? कुठेच नाही. जड सिमेंटचे स्लीपर, क्लिपा आणि भरपूर खडी त्याला जागचं हलू देत नाहीत. फक्त दोन्ही टोकांचे शंभरेक मीटर सरकतात, तिथे वेगळे सांधे असतात. मधला रूळ सगळा दाब पोटात घेऊन पडून राहतो. मेन लाइनवरच्या, मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात दर अंशाला सुमारे १.९ टन दाब, म्हणजे २५ अंशांना ४७ टन, तोही एकेका रुळात. मे महिन्यातल्या दुपारी आपण पंखा लावून आडवे झालेलो असतो तेव्हा रूळ हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो. कडेची खडी कमी पडली की तो सापासारखा वाकायला मोकळा. थंडीत उलटं, रूळ आक्रसू बघतो आणि कच्चा वेल्ड तुटतो. म्हणूनच रूळ बसवताना क्लिपा सोडून, ठरलेल्या तापमानाला तो मोकळा करून पुन्हा आवळतात. आणि म्हणूनच भर उन्हात ट्रॅकमन रुळाकडेने चालत असतात. चहा हलत नाही त्याचं श्रेय द्यायचंच तर आधी त्यांना द्या.

तरी धक्के पूर्ण गेलेले नाहीत. यार्डातले रूळ बदलायचे पॉइंट, पुलाच्या तोंडाशी खचलेली माती, सिग्नलसाठी ठेवलेले सांधे, वेल्ड करताना जरा बसका राहिलेला जोड, हे सगळं जाणवतं. गाडी निघताना किंवा थांबताना मागून ढकलल्यासारखं होतं तो प्रकार मात्र कपलिंगचा आणि ब्रेकचा, रुळाला त्यात गोवू नका.

एकाच जागी दरवेळी गाडी उसळत असेल तर नुसतं "गाडी फार हलते" लिहून कोणालाच काही कळत नाही. खिडकीतून विजेच्या खांबावरचा नंबर बघा, त्यात किलोमीटर असतो, आणि तो रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर द्या. धक्का उभा होता, आडवा होता की मागेपुढे, हेही सांगा. पहिले दोन बहुतेक वेळा रुळवाल्यांचं काम निघतं, तिसरं कॅरेजवाल्यांचं, म्हणजे डबे सांभाळणाऱ्यांचं.