इतिहासाच्या विद्यार्थ्यास सप्रेम सूचना

दुसरीकडे कुठेच नंबर न लागल्यामुळे तुम्ही बी.ए.ला इतिहास घेतला असेल, तर प्रथम अभिनंदन. ‘इतिहास शिकीसन काय व्हस रे भाऊ?’ असे गावाकडचे आजोबा विचारतीलच. त्यांना ‘एमपीएससी’ एवढेच उत्तर द्यावे, म्हणजे तीन वर्षे पुन्हा कोणी विचारत नाही.

या विषयातून मिळवायचा तो अभिमान, आणि तो हल्ली मोबाइलवर तयार मिळत असल्याने पुरावे पाहण्याच्या भानगडीत पडू नये. पाटणादेवीला सहल गेली, तर धबधब्यापाशी फोटो काढून ‘भास्कराचार्य आपल्या चाळीसगावचे’ असे खाली लिहावे आणि बस गाठावी. तिथला शके ११२८ चा शिलालेख मात्र वाचू नये. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, एवढ्यावर वाचणारा थांबत नाही. पुढच्या जुन्या मराठी ओळींत दर घाण्यामागे पळीभर तेल मठाला लावून दिलेले दिसते, आणि मग त्या तेल्याच्या पोराला मठात गणित शिकायला मिळत होते का, असले नसते प्रश्न सुचू लागतात.

इंग्रजांशी लढलेले भिल्ल पुढारी खाज्या नाईक यांच्या बाबतीत तर फारच जपावे. अंबापाणीच्या लढाईची ११ एप्रिल १८५८ ही तारीख पाठ करावी आणि फलकावर त्यांचा फोटो आपल्या फोटोपेक्षा किंचित लहान ठेवावा. पण सेंधव्याच्या घाटाची राखण इंग्रजांच्या नोकरीत करणारा हा माणूस त्यांच्याविरुद्धच का उठला, हे शोधू नये, कारण ते उत्तर फलकावर मावत नाही.

धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ परीक्षेपुरते माहीत असावे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगावची दप्तरे धुंडाळत आयुष्यभर फिरले आणि १९२६ साली धुळ्यातच वारले. त्यांचे पाहून मोडी शिकण्याची हौस मुळीच करू नये. मी ती केली, आणि माळ्यावरच्या गाठोड्यातले पहिलेच खत वाचून दाखवले, तेव्हा ‘पूर्वजांनी घाम गाळून कमावलेली’ आमची तापीकाठची चार बिघे जमीन खापरपणजोबांनी एका भिल्लाकडून कर्जापोटी लिहून घेतल्याचे निघाले. काकांनी कागद पुन्हा फडक्यात बांधला, गाठोडे माळ्यावर टाकले आणि बी.ए.ला दुसरा विषय नव्हता का, असे मला विचारले.